पांढऱ्यावर काय साचतं?

नवरात्रात दांडियाच्या मांडवात जांभळे दिवे लागले की एक गंमत दिसते. काही जणांचे पांढरे कुर्ते निळसर झगझगतात आणि शेजारीच नाचणाऱ्या कुणाचा तितकाच पांढरा कुर्ता मातकट दिसतो. दिवसाउजेडी दोघांत फारसा फरक कळला नसता. कुणी कपडा जास्त घासला आणि कुणी कमी, असा हा मामला नाही. झगझगणाऱ्या कापडावर डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून त्यांचा निळा प्रकाश परत फेकणारं रसायन असतं. मातकट कुर्त्यावर ते चढलेलंच नसतं, किंवा धुण्यात आणि उन्हात उडून गेलेलं असतं.

या युक्तीचा शोध १९२९ सालचा. पॉल क्राइस या जर्मन रसायनतज्ज्ञाने हॉर्स चेस्टनटच्या झाडातून मिळणाऱ्या एस्क्युलिन या द्रव्याच्या पाण्यात पिवळट लिनन बुडवलं आणि ते पांढरं दिसू लागलं. पुढे याच तत्त्वावरची टिकाऊ रसायनं निघाली आणि आज बहुतेक धुण्याच्या पावडरींत ती असतात. दुकानातला नवा पांढरा शर्ट डोळे दिपवतो तो त्यांच्यामुळेच. कापसाचा धागा जन्मतः शुभ्र नसतो, किंचित पिवळसर असतो. गिरणीत त्याचं ब्लीचिंग होतं, वर चकाकीचा हात फिरतो आणि मग तो काचेच्या कपाटात जातो.

म्हणजे घरी टिकवायचा असतो तो कापडावर चढवलेला पांढरेपणा. तो जातो कसा, याचं उत्तर बहुतेक घरांत ‘मळामुळे’ असं दिलं जातं आणि मग मळ काढायला आणखी पावडर, आणखी नीळ, आणखी ब्लीच असा मारा सुरू होतो. प्रत्यक्षात नियमित धुतले जाणारे पांढरे कपडे बिघडतात ते बऱ्याचदा धुण्यातूनच मागे राहिलेल्या गोष्टींनी. नीट न निघालेला साबण, पाण्यातले क्षार, थरावर थर बसलेली नीळ, नको तिथे वापरलेलं ब्लीच यांचाच त्यात मोठा हात असतो. त्यामुळे बादलीत काही नवं ओतण्याआधी कपड्यावर काय साचलंय ते ओळखणं जास्त कामाचं.

ओळखायला कपडा खिडकीपाशी नैसर्गिक उजेडात धरावा. ट्यूबलाइट इथे फसवते. सगळा कपडा सारखाच राखट झाला असेल आणि हाताला जरा ताठ, खरखरीत लागत असेल, तर साबण आणि क्षार यांचा थर समजावा. कॉलर, काखा, उशीच्या अभ्र्याचा मधला भाग असा ठरावीक ठिकाणीच पिवळेपणा असेल, तर घाम आणि तेल. धुऊन ठेवलेल्या कपड्यावर पिवळसर-तपकिरी बारीक ठिपके उमटले असतील, तर लोखंडावर संशय घ्यावा; पाण्यातलं लोह, गंजलेली तार किंवा चिमटा. काळे ठिपके बुरशीचे. आणि गुलाबी किंवा आकाशी छटा आली असेल, तर मशीनमध्ये कुणाचा तरी नवा परकर किंवा जीन्स जाऊन आली आहे.

पाण्यापासून सुरुवात करू. महाराष्ट्राचा मोठा भाग काळ्या पाषाणावर वसलेला आहे आणि त्यातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात बऱ्याच ठिकाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. अशा पाण्यात साबणाचा फेस होत नाही, पांढरट दह्यासारख्या गुठळ्या होतात आणि त्याच कापडात रुतून बसतात. आपलं पाणी कसं आहे ते पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. पारदर्शक बाटली अर्धी भरून त्यात अंगाच्या साबणाचा थोडा कीस टाकावा आणि जोरात हलवावी. वर फेस आणि खाली जवळजवळ स्वच्छ पाणी राहिलं तर पाणी चांगलं. फेस बसून पाणी दुधी झालं आणि त्यात कण तरंगू लागले, तर क्षाराचं. अशा घरी पांढऱ्या कपड्यांना साबणाच्या वडीपेक्षा डिटर्जंट बरा, कारण क्षारांशी त्याचं इतकं वाकडं नसतं. सुती कपड्यांसाठी पावडर टाकण्याआधी बादलीत चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवून घ्यावा. हातमोजे मात्र घालावेत, हा सोडा कातडी कोरडी पाडतो.

काही ठिकाणी बोअरचं पाणी उपसताना काचेसारखं निर्मळ दिसतं आणि तासाभरात पिवळं पडतं. त्यात विरघळलेलं लोह असतं आणि हवा लागली की त्याचा गंज होतो. हे पाणी रात्री भरून ठेवावं, सकाळी वरचं पाणी हलक्या हाताने काढून घ्यावं, तळाचा गाळ टाकून द्यावा. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा आजीच्या काळापासून फिरवली जाणारी तुरटी धुण्याच्या पाण्यालाही चालते. मातीचे बारीक कण एकत्र होऊन खाली बसतात.

आता पावडर. जाहिरातींनी फेस म्हणजे स्वच्छता असं समीकरण इतकं पक्कं केलं आहे की कमी फेस दिसला की हात आपोआप डब्याकडे जातो. जास्त पावडर म्हणजे जास्त स्वच्छता असं होत नाही. खंगाळण्यात न निघालेली पावडर धाग्यात अडकते, तिच्यावर पुढचा मळ चिकटतो. खात्री करायची असेल तर धुऊन वाळवलेला एक पांढरा टॉवेल नुसत्या कोमट पाण्यात टाकून चुबकून पाहावा. पाणी गढूळलं आणि फेस आला, तर तो मागच्या धुण्याचा आहे. असं दिसलं तर काही दिवस पावडर थोडी कमी आणि खंगाळणं एकदा जास्त, एवढा बदलही पुरतो. मशीनचा ड्रम गच्च भरला की पाणी कपड्यांतून फिरतच नाही. कपडे भरल्यावर वर हात आडवा सहज जाईल इतकी जागा हवी. आणि पांढरे कपडे खरोखरच वेगळे लावावेत. ‘फिकट रंगाचे चालतात’ ही सवलत फार महागात पडते. एकदा धुतल्याने काही दिसत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी सगळ्या बनियन एकाच उदास रंगाच्या झालेल्या असतात.

चांगल्या पावडरीत एन्झाइम असतात. ते घाम, रक्त, दूध, अन्न यांतली प्रथिनं आणि तेलं तोडतात, पण त्यांना वेळ द्यावा लागतो आणि उकळतं पाणी त्यांना मारून टाकतं. कोमट पाण्यात अर्धा तास भिजत घातलेला शर्ट थंड पाण्यात दहा मिनिटं जोराने घासलेल्या शर्टापेक्षा चांगला निघतो. रक्ताचा डाग मात्र आधी थंड पाण्यानेच काढावा. गरम पाण्याने तो शिजून पक्का होतो.

कॉलरीवरचा काळसर पट्टा हा अंगाच्या तेलाचा, खोबरेल लावणाऱ्या घरांत डोक्याच्याही तेलाचा. तेलाला पाणी लागण्याआधीच गाठावं लागतं. कोरड्या कॉलरीवर भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब बोटाने चोळून पंधरा मिनिटं ठेवले आणि मग शर्ट भिजत घातला, तर ब्रशने खरडायची वेळ येत नाही. ब्रशने पट्टा जातो हे खरं, पण कॉलरीचा दुमडलेला काठही जातो. शाळेच्या गणवेशातल्या टेरीकॉटच्या शर्टांना हा उपाय विशेष लागतो, कारण पॉलिस्टरचा धागा तेल धरून ठेवतो.

काखेतला पिवळेपणा वेगळ्या जातीचा. तो नुसत्या घामाचा नसतो. घाम थांबवणाऱ्या डिओडरंटमधले ॲल्युमिनियमचे क्षार आणि घाम यांची ती जोडी असते. त्यावर क्लोरीनचं ब्लीच ओतणं हा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत वाईट उपाय, कारण त्याने पिवळेपणा अनेकदा वाढतो. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढाच भाग अर्धा तास भिजवून, स्वच्छ खंगाळून, नंतर ऑक्सिजन ब्लीचच्या कोमट पाण्यात टाकावा. आणि डिओडरंट अंगावर पूर्ण वाळल्याशिवाय शर्ट चढवू नये. निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

निळीबद्दल घरोघरी पक्की मतं असतात. पावडरीची पारंपरिक नीळ म्हणजे अल्ट्रामरीन. एकेकाळी हा रंग लाजवर्द दगड दळून काढत आणि तो चित्रकारांनाही परवडत नसे. तो कृत्रिम रीतीने बनवल्याबद्दल झां-बाप्तिस्त गिमे या फ्रेंच माणसाला १८२८ मध्ये पारितोषिक मिळालं आणि लवकरच हा राजेशाही रंग धोब्याच्या बादलीत येऊन पडला. आपल्याकडे १९८३ मध्ये केरळमधून ‘उजाला’ बाजारात आलं, तेव्हापासून पुरचुंडीची जागा बाटलीने घेतली. पावडरीचे कण पाण्यात विरघळत नाहीत, तरंगत राहतात. म्हणून तर ती फडक्यात बांधून पाण्यात फिरवायची रीत होती. बाटलीतली नीळ विरघळते, तिचे मोजके थेंब पुरतात.

नीळ पिवळेपणा काढत नाही, झाकते. निळ्याने पिवळा मारला जातो आणि डोळ्यांना कपडा पांढरा वाटतो, पण कपड्यावरून परत येणारा एकूण प्रकाश थोडा कमीच होतो. दर धुण्याला नीळ दिलेले सदरे दोन वर्षांत निळसर करडे होतात त्याचं कारण हेच. तेव्हा नीळ दर वेळी न देता चार-पाच धुण्यांतून एकदा द्यावी, आणि तीही साबण पूर्ण निघाल्यावर, शेवटच्या पाण्यात. आधी बादलीत थेंब टाकून पाणी ढवळावं, मग कपडा पूर्ण उलगडून बुडवावा, वरखाली करून लगेच काढावा. पिळून गोळा झालेला कपडा तसाच बुडवला तर घड्यांच्या रेघा उमटतात. पावडरीची नीळ जास्त झालीच तर व्हिनेगरच्या पाण्याने ती फिकी पडते, कारण अल्ट्रामरीन आम्लात टिकत नाही. साहजिकच नीळ आणि व्हिनेगर एकाच बादलीत घालण्यात अर्थ नाही.

व्हिनेगरचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून त्या फसफसाटात कपडे बुडवण्याचा उपाय हल्ली फार फिरतो. फसफस बघायला छान वाटते. पण आम्ल आणि सोडा एकमेकांना मारतात आणि उरतं ते जवळजवळ साधं खारट पाणी. दोन्ही वेगवेगळे, वेगवेगळ्या वेळी वापरले तर उपयोगी आहेत. बादलीभर शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर किंवा चमचाभर लिंबूसत्त्व घातलं, तर कापडातला उरलेला सोडा आणि क्षार निघतात आणि टॉवेलांचा ताठरपणा जातो.

क्लोरीनच्या आधी कापड पांढरं करणं हे महिन्यांचं काम होतं. हॉलंडमध्ये हार्लेम शहराबाहेर लिननचे तागे हिरवळीवर पसरून ठेवत, त्यांवर पाणी शिंपडत, मधूनमधून ताकात बुडवत. क्लोद बर्थोले या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १७८५ च्या सुमाराला क्लोरीनने कापड पांढरं होतं हे दाखवलं आणि चार्ल्स टेनंट याने १७९९ मध्ये ब्लीचिंग पावडरचं पेटंट घेतलं. त्यानंतर महिन्यांचं काम दिवसांवर आलं. आज घरी मिळणारं पातळ ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. ते जोरकस आहे, आणि त्याचा जोर डाग व धागा यांत भेदभाव करत नाही.

ते वापरायचंच झालं तर शंभर टक्के सुती कपड्यांवर, तेही अधूनमधून. पंधरा लिटरच्या बादलीला पाव कप, आधी पाण्यात मिसळून, मगच कपडा. पाच ते दहा मिनिटांत काढून भरपूर पाण्यात खंगाळावा. ब्लीचचा वास राहिला तर शेवटच्या पाण्यात अर्धा चमचा हायपो टाकावा. फोटो धुणारे वापरत तोच. रेशीम आणि लोकर यांना क्लोरीन खाऊन टाकतं. लवचीक धागा असलेल्या कपड्यांना ते पिवळं करतं, मोज्यांचं आणि अंतर्वस्त्रांचं इलॅस्टिक सैल पाडतं. पाण्यात लोह असेल तर तेही कापडावर गंजाच्या रूपात बसवतं.

आणि इथे जरा थांबून वाचावं. ब्लीच आणि संडास धुण्याचं ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नये. व्हिनेगर, लिंबू, अमोनिया यांच्याशीही त्याची गाठ घालू नये. आम्लाशी गाठ पडली की क्लोरीन वायू सुटतो, अमोनियाशी पडली की तितकेच घातक दुसरे वायू, आणि आपल्याकडची न्हाणीघरं लहान, बंद असतात. असा वास आला तर काय मिसळलं याचा शोध घेत न बसता आधी बाहेर यावं, दार-खिडकी उघडावी, आणि श्वासाचा त्रास किंवा खोकला राहिला तर डॉक्टरांकडे जावं.

रोजच्या घरासाठी खरा भरवशाचा मदतनीस म्हणजे ऑक्सिजन ब्लीच, अर्थात सोडियम परकार्बोनेट. ही पांढरी दाणेदार पावडर गरम पाण्यात विरघळली की हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा अशी दोन कामाची द्रव्यं मोकळी होतात. हेन्केल कंपनीने १९०७ मध्ये ‘पर्सिल’ काढलं, तेव्हा त्यात याच कुळातलं परबोरेट होतं. धुता-धुता पांढरं करण्याची कल्पना तेव्हापासूनची. राखट पडलेल्या सुती चादरी, बनियन, टॉवेल यांच्यासाठी साठेक अंश गरम पाणी घ्यावं, म्हणजे हात घालवणार नाही इतकं. सहा-सात लिटरला दोन मोठे चमचे परकार्बोनेट आणि नेहमीची पावडर घालून कपडे चार तास ते रात्रभर ठेवावेत. टेरीकॉटसाठी चाळीस अंश पुरे. थंड पाण्यात ते फारसं काम करत नाही, आणि ‘काही फरक पडला नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांनी बहुधा इथेच काटकसर केलेली असते. उरलेलं पाणी बाटलीत भरून झाकण लावून ठेवू नये. वायू साठून बाटली फुटते. दुसऱ्या कपड्याचा रंग लागलेल्या पांढऱ्यालाही हाच उपाय आहे, एका अटीवर: तोवर तो कपडा वाळू द्यायचा नाही आणि त्यावर इस्त्री तर मुळीच फिरवायची नाही.

मुंबईत महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावरून दिसणारा धोबीघाट १८९० च्या सुमाराचा. परटाची भट्टी म्हणजे दुसरं काय तर सोडा आणि उष्णता. कपडे सोड्याच्या पाण्यात वाफवले की तेलकट मळाचाच साबण होतो आणि तो पाण्याबरोबर जातो. घरच्या गरम पाण्याच्या बादलीत हेच होतं, छोट्या प्रमाणात. दगडावर बडवणं मात्र घरी आणू नये. बटणांसाठी तरी.

डागांत हळदीइतका नाठाळ आणि हळदीइतका सोपा दुसरा नाही. वरण सांडलं की माणसं घाबरून साबण चोळतात आणि पिवळा डाग लालभडक होतो. घाबरायचं कारण नाही. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं, आम्लात पुन्हा पिवळं. त्याने डाग वाढलेला नसतो. त्याच कर्क्युमिनला प्रकाश सोसत नाही. म्हणून आधी तेल काढण्यासाठी डिटर्जंटने धुवावं, मग कपडा ओला असतानाच कडक उन्हात पसरावा, वाळत आला की पुन्हा ओला करावा. एक-दोन दिवसांत डाग दिसेनासा होतो. लग्नाच्या हळदीचे पांढरे-पिवळे झालेले सदरे ब्लीचमध्ये घालण्याची घाई करू नये. ऊन फुकट आहे. आंब्याच्या रसालाही हेच लागू, त्याचा पिवळा रंगही उन्हात फिकटतो.

आंब्याच्या चिकाचं मात्र तसं नाही. कोकणात आंबे उतरवणाऱ्याच्या, काजूची बोंडं वेचणाऱ्याच्या कपड्यांवर जे तपकिरी-काळे डाग पडतात ते वर्षानुवर्षं जात नाहीत, आणि त्याला कारण आहे. आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडं. बिब्ब्याचा रस हवेत काळा पडतो आणि कापडाला कायमचा धरतो; म्हणून तर परीट बिब्बा आणि चुना वापरून गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर खुणा करत आणि त्या शंभर भट्ट्यांतूनही टिकत. ज्या रसाचा उपयोगच न जाणारी खूण करण्यासाठी होता, त्याच्या भावंडांना घरच्या बादलीत हरवण्याची अपेक्षा फार ठेवू नये. चीक ओला असतानाच आधी खोबरेल तेल चोळून, मग लिक्विड साबणाने काढला तर काही आशा असते. वाळल्यावर तो कपडा बागेतल्या कामाला काढलेला बरा. केळीचा चीकही याच पंगतीतला, कूळ वेगळं असलं तरी.

मुंबईची डॉ. एच. डी. कांगा क्रिकेट लीग १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाते, त्यामुळे पांढऱ्या पँटवरच्या चिखलाचा अभ्यास करायचा तर तिथल्या खेळाडूंच्या घरी जावं. चिखल ओला असताना चोळणं ही पहिली चूक. त्याने मातीचे कण धाग्यात आत जातात. पूर्ण वाळू द्यावा, झटकावा, मऊ ब्रशने काढावा, मग थंड पाण्याच्या धारेखाली कपडा उलटा धरावा आणि शेवटी डिटर्जंटमध्ये भिजत घालावा. लाल मातीचा रंग लोहाचा असतो. त्यावर क्लोरीन ब्लीच निरुपयोगी. उरलेल्या लालसर छटेवर लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवावं, मग खंगाळावं. तारेच्या गंजालाही तोच उपाय चालतो. गवताचा हिरवा डाग वेगळा, तो स्पिरिटच्या बोळ्याने टिपून काढावा. चेंडू पँटवर घासून पडलेल्या लाल पट्ट्यात रंगही असतो आणि मेणही. आधी लिक्विड साबण, मग ऑक्सिजन ब्लीच, आणि थोडा राहिला तर तो गोलंदाज असल्याचा पुरावा म्हणून सोडून द्यावा.

चहाचा डाग ताजा असेल तर लगेच पाण्याखाली धरावा, वडीचा साबण लावू नये. बॉलपेनच्या शाईला स्पिरिट, खाली जुनं फडकं ठेवून. पानाच्या डागातला कात जुना झाला की अवघड. परकार्बोनेटच्या गरम पाण्यात दोनदा-तीनदा घालून पाहावं.

उन्हाचं कौतुक सुती कपड्यांपुरतंच. पांढरं रेशीम आणि लोकर उन्हात पिवळी पडतात आणि एकदा पडली की परत येत नाहीत. सोवळ्याचं पांढरं रेशीम, पांढरी शाल यांना सौम्य लिक्विड, थंड पाणी आणि सावली एवढंच द्यावं. एन्झाइमवाली पावडर नको, कारण रेशीम आणि लोकर ही स्वतःच प्रथिनं आहेत. नायलॉन आणि पॉलिस्टरच्या पांढऱ्या कपड्यांवरची चकाकीची रसायनंही कडक उन्हात झिजतात, तेव्हा वाळले की लगेच उचलावेत. मुद्दाम मोतिया किंवा सायीच्या रंगाची घेतलेली खादी असेल, तर तिला चकाकीवाली पावडर लावली की तिचा मूळ रंग जाऊन ती थंड निळसर दिसू लागते. अशा कपड्यांसाठी चकाकीविरहित लिक्विड शोधावं.

खळ सुती झब्ब्यांना, साड्यांना शोभते. तांदळाची पेज किंवा साबुदाण्याची पातळ खळ गाळून घ्यावी, नाहीतर इस्त्रीखाली गुठळ्यांचे पिवळे डाग होतात. इस्त्रीचा तवा आधी जुन्या फडक्यावर फिरवून पाहावा.

पावसाळ्यात चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत आणि दमट कपडा घडी करून ठेवला की काळे ठिपके आलेच. ते कोवळे असताना परकार्बोनेटने निघतात, जुने झाले की धागाच खाल्लेला असतो. कपडे रात्री वाळत घालायचे असले तरी मशीनमधून लगेच काढून पंख्याखाली टाकावेत. ओले गोळे सकाळपर्यंत ड्रममध्ये ठेवू नयेत.

ठेवणीतले पांढरे कपडे कपाटात पडून पिवळे होतात याचं घरोघरी आश्चर्य वाटतं. त्यात मोठा वाटा आपल्याच काळजीचा असतो. प्लॅस्टिकच्या पिशव्यांतली काही रसायनं कापडावर उतरून पिवळेपणा आणतात. वर्तमानपत्राच्या कागदाचंही तसंच. तो स्वतः पिवळा पडतो आणि सोबतच्या कपड्यालाही ओढतो. खळ असलेल्या कपड्याला कसर लागते, म्हणून ठेवणीतला कपडा खळ काढून, स्वच्छ खंगाळून, पूर्ण वाळवून ठेवावा. धुतलेल्या जुन्या मलमलीत गुंडाळावा. डांबरगोळ्या कापडाला न लागतील अशा, पुरचुंडीत. आणि वर्षातून दोनदा घड्या मोडून नव्या जागी घालाव्यात, नाहीतर घडीच्या रेषेवरच पिवळी पट्टी येते.

ठेवण्याआधी कपडा घातलेला असेल, मग तो दिसायला कितीही स्वच्छ असो, तो धुवावाच लागतो. सरबत, नारळपाणी, उसाचा रस यांचे थेंब सांडताना बिनरंगी असतात आणि महिन्यांनी तपकिरी होऊन उगवतात. ड्रायक्लीनिंगला दिलेल्या जरीच्या किंवा अस्तराच्या पांढऱ्या कपड्याचंही हेच होतं: तिथलं द्रावण तेल काढतं, साखर काढत नाही, आणि इस्त्रीच्या उष्णतेने ती साखर जळून दिसू लागते. त्यामुळे दुकानात कपडा देताना नारळपाणी कुठे सांडलं होतं ते सांगावं. डाग दिसत नसेल तर त्या जागी एका रंगीत दोऱ्याचा टाका घालून ठेवावा आणि डाग कशाचा आहे हे पावतीवर लिहून घ्यावं.